राजाचं एकच ताट

सलग तीन दिवस मुनी राजाच्या दारातून रिकाम्या पात्राने परत गेले!

रोज पाच पक्वान्नं होत. मुनी विचारीत, "हे कोणासाठी?" राजा अरिदमन छाती फुगवून सांगे, "खास तुमच्यासाठी!" की मुनींनी पाठ फिरवलीच. त्यांच्यासाठी म्हणून शिजवलेलं अन्न त्यांना वर्ज्य होतं. समोरच्या कुंभाराकडे मात्र ते घोटभर पेज आनंदाने घेत. सारं नगर तोंडाला पदर लावून हसत होतं.

राजाचा राग निघाला तो म्हाताऱ्या आचाऱ्यावर, सोमिलवर. "उद्याही मुनी रिकामे गेले, तर तू राज्याबाहेर!"

सोमिलने डोक्याला हात लावला. "मघे, त्यांच्यासाठी रांधावं तर ते घेत नाहीत, न रांधावं तर वाढायचं काय?"

"बाबा, उद्या चूल माझ्याकडे," लेक मघा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मघाने राजाला न्याहारीच दिली नाही. पोटात कावळे कोकलत होते, राजा येरझारा घालत होता. भर दुपारी एकदाचं पान वाढलं गेलं: गरम भात, मुगाचं वरण, वर तुपाची धार. राजाने घास उचलला, तोच मुनी दारात!

"अगं, मुनींचं ताट कुठाय?"

"केलंच नाही, महाराज!"

मघा राजाच्या तोंडाकडे पाहू लागली. राजाने खोटंच 'तुमच्यासाठी' म्हटलं, तर बाबांना गाशा गुंडाळावा लागलाच म्हणायचा.

मुनींनी विचारलं, "राजा, हे कोणासाठी?"

"माझ्यासाठी!" राजा खेकसला. "सकाळपासून उपाशी आहे मी!"

मुनी हसले आणि त्यांनी पात्र पुढे केलं.

राजा हरखला. त्याने स्वतःच्या हातांनी अर्धा भात पात्रात वाढला. मुनी गेल्यावर त्याने पानावर बसून उरलेला भात घाईने संपवला. "वाढ गं आणखी!"

"पातेलं घासून पालथं घातलंय. आणि त्यांना दिलेल्याची भरपाई म्हणून पुन्हा चूल पेटवली, तर तोही दोषच. उद्या ते फिरकायचे नाहीत!"

"म्हणजे राजाला अर्धपोटी ठेवलंस?"

"महाराज, तुमच्या भरल्या पोटाचं दान त्यांनी तीनदा नाकारलं. अर्ध्या पोटाचं पहिल्या झटक्यात घेतलं!"

 राजा इतका हसला की ते अर्धं पोटही दुखू लागलं. "सोमिल, तू कुठे जायचं नाहीस!" त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून मघापुढे धरलं.

"घे पोरी! हे माझ्यासाठीच घडवलंय, तेव्हा तुला चालायला हरकत नाही!"