दर्याकिरणच्या ओळीतली रिकामी जागा

एकदा एका लहानशा बंदरात एक वृद्ध गृहस्थ एका प्रचंड संगणकाची राखण करीत असत. इमारत दगडी, आत सदैव गारवा, आणि मेनफ्रेम नावाच्या त्या धुडाची अखंड मंद घरघर. बाहेरून येणाऱ्याला वाटावं, समुद्रच आत येऊन झोपला आहे. बंदरातल्या एकशेबारा होड्यांची नोंद त्याच्या पोटात होती. एका होडीची एक ओळ: नाव, तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या, आणि परतल्याची वेळ.

वृद्धांना सगळे अण्णा म्हणत. त्यांचा एक शिष्य होता, तिशीचा, हुशार, आणि त्या हुशारीची जाणीव अंमळ जास्तच असलेला. ओळी वाचून आपोआप यादी छापणारी स्क्रिप्ट त्यानेच लिहिली होती. तिच्यात कर्सर होता. कर्सर म्हणजे काही गूढ प्रकार नव्हे; पोथी वाचणारा ओळीखाली काडी धरतो ना, तसं. दर हुकमाला तो एक ओळ पुढे सरकतो, तिथला मजकूर स्क्रिप्टच्या हाती ठेवतो आणि ओळी सरल्या की तसं सांगतो.

एके पहाटे अवकाळी वादळ झालं. उजाडल्यावर धुक्यातून एकेक होडी स्वप्नात यावी तशी हळूहळू येऊ लागली, आणि धक्क्यावरचा कारकून आलेल्या होडीची वेळ नोंदवू लागला. जी परतली नसेल तिच्या शोधाला लाँच जायची होती. कोण परतलं नाही, ते यादीवरून कळणार होतं. शिष्याने स्क्रिप्ट चालवली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच यादी बाहेर पडली: एकशेबारा होड्या, एकशेबारा वेळा. कुणीच राहिलं नव्हतं. धक्क्यावर नारळ फुटले, पेढे वाटले गेले, आणि लाँचचं इंजिन बंद झालं.

तेवढ्यात शेवंती आली. दर्याकिरण या होडीच्या तांडेलाची ही बायको. दारातच उभी राहून ती म्हणाली, "यादीत होडी इली म्हणून लिवलांत. मगे माझो घोव खंय आसा?"

शिष्याने तिला समजुतीच्या सुरात सांगितलं की स्क्रिप्टने एकही चूक दाखवलेली नाही, तांडेल दुसऱ्या धक्क्याला लागला असेल. अहो, आपल्या कामावर माणसाचा विश्वास बसला, की समोरच्या बाईचे डोळेही त्याला दिसत नाहीत! अण्णांना मात्र ते दिसले. त्यांनी लाँचवाल्याला घरी न जाता थांबायचा निरोप धाडला आणि कोनाड्यातली एक पाटी काढून शिष्याच्या हाती दिली. अण्णा पडद्यावरची एकेक ओळ वाचणार, शिष्याने ती लिहायची. पण पुढची ओळ घेण्याआधी दरवेळी पाटी कोरडी पुसायची.

शिष्य चडफडला. वरून दुसरं लिहायचंच आहे, मग पुसण्यात वेळ का घालवायचा? अण्णांनी पहिली ओळ वाचली. चाळिसावी ओळ आली, सागरफूल, सात वाजून दहा मिनिटं. शिष्याने लिहिलं, पुसलं. एक्केचाळिसावी आली, दर्याकिरण. नाव लिहून तो वेळेची वाट पाहत राहिला. अण्णा गप्पच होते. पाटीवर नावापुढे काही नव्हतं. छापील यादीत मात्र तिथे सात वाजून दहा मिनिटं होती.

"अरे, तिची वेळ रिकामी आहे," अण्णा म्हणाले. "रिकाम्या जागेपाशी यंत्राकडे लिहायला काही नसतं, म्हणून ते पाटीला हात लावत नाही. तुझ्या स्क्रिप्टच्या हातीही अशीच पाटी असते; तिथे तू ती पुसली नव्हतीस, तर आधीच्या होडीचं होतं तेच उरलं. यंत्र खोटं बोललं नाही. ते गप्प बसलं, आणि त्या गप्प बसण्यात तू शेजारणीचं उत्तर ऐकलंस."

शिष्याला आठवलं. स्क्रिप्ट लिहिताना अशा रिकाम्या जागेशी यंत्र अडून बसायचं. त्याची कटकट मिटावी म्हणून त्याने 'इथे काही नाही' अशी खूण ठेवायला एक जागा करून दिली होती. यंत्राने इमानाने खूण ठेवली. ती त्याने कधी वाचलीच नाही. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो यादी फाडून तसाच धावत सुटला आणि शेवंतीसमोर हात जोडून उभा राहिला. लाँच निघाली. पाटी पुसण्याचा हुकूम स्क्रिप्टमध्ये घालून शिष्याने यादी पुन्हा छापली; तिच्यात दर्याकिरणपुढे कोरा कागद होता. शेवंतीने त्या कोऱ्या जागेवर हात ठेवला. "आता खरा लिवलांत," एवढंच ती म्हणाली.

ऊन कलताना लाँच परतली. मागे दोरीला दर्याकिरण होती, इंजिन बंद पडलेली, आत तांडेलासह चार माणसं, ओरडून ओरडून घसे बसलेली. खिडकीतून सगळं स्वच्छ दिसत होतं. तरीही शिष्य आधी धक्क्यावर गेला, चौघांच्या हातांना हात लावून आला, आणि मगच त्याने ती वेळ भरली.

आपणही, जे ठाऊक नाही त्याची जागा कोरी ठेवायला शिकावं. कुणाचा तरी शोध तिथूनच सुरू व्हायचा असतो.