घाण्याच्या बैलाचा दावा

पूर्वी भद्रिका नगरीत सुनेत्र नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथे लोकांचे दावे राजसभेत मांडून पोट भरीत असे. हाताखाली कोणी नव्हते; दार उघडायचे त्यानेच आणि शिव्या खायच्याही त्यानेच. नगरीची रीत अशी, की ज्याचा विडा खाल्ला त्याची बाजू निकालापर्यंत सोडायची नाही. सोडली तर पुन्हा कोणी विडा देत नसे.

एके दिवशी कपिल नावाच्या घाणेवाल्याचा विडा त्याने खाल्ला आणि डोक्याला ताप करून घेतला. धाकट्या भावाने, नंदिकाने, घाण्याचा बैल चोरला असा कपिलाचा दावा होता. सकाळी तो म्हणे, बैल गोठ्यातून नेला. दुपारी म्हणे, कुरणातून. दुसऱ्या दिवशी तर म्हणे, नेताना मी पाहिलेच नाही. खोदून विचारले की अंगावर येई. "विडा खाल्लात ना आचार्य? मग बोला की सभेत! मला काय विचारता?"

बोधिसत्त्व झाला म्हणून काय, त्याचेही डोके भणभणले. चोरी शाबित झाली तर नंदिकाला बायकापोरांसह नगरीबाहेर घालवणार होते. कपिल खोटा म्हणावा, तर बोलताना त्याचे डोळे खरेच भरून येत. खरा म्हणावा, तर एकच बैल दोन ठिकाणांहून कसा चोरीला जाईल? बिचाऱ्याला काही केल्या उमजेना.

सुनावणीच्या आदल्या दिवशी तो पक्षकाराच्या अंगणात जाऊन विरुद्ध पक्षाची बाजू मांडून पाहत असे. तसाच तो कपिलाकडे गेला आणि म्हणाला, "समज, मी नंदिक. हा बैल माझाच. मी विकत घेतलाय."

"काय विकत घेतलास!" कपिल उसळला. "तुझा बैल मेला तेव्हा साऱ्या भावकीसमोर मीच दिला ना! परत मागणार नाही म्हणालो..." आणि तो मटकन खाली बसला.

आता कपिलाचा स्वतःसाठी ठेवलेला बैलही मेला होता, घाणा थांबला होता; पण भावकीत मिरवलेला मोठेपणा गिळवेना. मागण्यापेक्षा भावाला चोर म्हणणे त्याला सोपे वाटले! बोधिसत्त्वाला राग आला, कीवही आली. गुपित फोडावे तर विडा खाऊन गळा कापल्यासारखे होते. खोटे बोलावे तर नंदिकाची पोरे उघड्यावर पडत होती.

"कपिला, तुझं कुणाला सांगणार नाही आणि खोटंही बोलणार नाही. उद्या उभा मात्र राहीन," असे म्हणून तो गेला. पुढे काय होईल, हे त्यालाही ठाऊक नव्हते.

सभेत तो कपिलाशेजारी उभा राहिला, पण तोंडातून शब्द काढीना. लोक हसू लागले. राजा संतापला. "मुका आहेस का? पुन्हा या सभेत पाऊल टाकू नकोस!" बोधिसत्त्वाने मान खाली घातली, पण कपिलाची बाजू सोडून तो हलला नाही.

शेवटी राजाने नंदिकाला विचारले. तो गोंधळून भावाकडे पाहत म्हणाला, "दादा म्हणतोय तर माझंच काही चुकलं असेल, महाराज. दादा, बैल घेऊन जा. नुसता मागितला असतास तरी दिला असता रे."

कपिलाने भावाकडे पाहिले, मग शेजारी अपमान सोसत उभ्या असलेल्या आचार्यांकडे पाहिले आणि त्याला हुंदका फुटला. "बैल मीच दिला होता, महाराज. मागायची लाज वाटली मला."

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, रोज नवी तक्रार घेऊन येणारा हा धम्मिल, तोच तेव्हा कपिल होता. त्याची बोलणी मुकाट्याने ऐकणारा वसुभूती हा नंदिक. आणि भर सभेत ज्याने स्वतःचे हसे करून घेतले, तो मी. माणसाला स्वतःचे खरे बोलायला धीर यावा म्हणून अपमान सोसत त्याच्या शेजारी उभे राहणे, याला क्षांती म्हणतात."