थोरबोल्यांचा अनवाणी नेम

"सोडू का धरू, बाबा? एवढंच सांगा. एका शब्दात सांगितलं तरी चालंल."

सर्जेराव थोरबोले ओट्यावर टेकायच्या आधीच विचारून मोकळे झाले. टेकडी चढून छातीचा भाता झाला होता, डाव्या तळव्यात बाभळीचा काटा मोडला होता, तरी प्रश्न आधी आणि पाय नंतर. माणूसच तसा.

गोधडीबाबांनी मान वर केली नाही. टेकडीवरच्या मठात ते एकटेच राहत आणि लोकांनी आणून दिलेल्या जुन्या लुगड्या-धोतरांच्या गोधड्या शिवत बसत. म्हणून ते नाव. खरं नाव कुणी विचारलं नव्हतं, त्यांनीही सांगितलं नव्हतं.

"काय धरलंयस?"

"भजन."

"अन् सोडायचं काय म्हणतोस?"

"तेच की."

बाबांनी एक टाका घातला.

"मग बस आधी."

सर्जेराव बसले. त्यांच्या मागून त्यांची सून वैजयंता पाण्याची कळशी आणि भाकरीचं गाठोडं घेऊन चढत होती. ती ओट्याच्या कडेला, पदर सावरून, पाय लुगड्यात ओढून बसली. सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहायची सवय नव्हती.

"बाबा, तुमाला माझा नेम ठाव हाय न्हवं?"

"न्हाई."

सर्जेरावांना हे लागलं. तो नेम ठाऊक नसलेला माणूस पंचक्रोशीत त्यांना प्रथमच भेटत होता.

नेम असा होता. आंबेखिंडीच्या भजनी मंडळाला तालुक्याच्या स्पर्धेतली ढाल मिळत नाही, तोवर सर्जेराव पायात चप्पल घालणार नव्हते. भर देवळात, नारळावर हात ठेवून तसं बोलले होते. तेव्हा मिशा काळ्या होत्या.

ढाल काही आली नाही. मिशा पिकल्या.

पण नेमाची कीर्ती झाली. पंधरा ऑगस्टला हेडमास्तर त्यांना चिकाटीवर बोलायला बोलवत. पत्र्याच्या तापल्या स्टेजवर सर्जेराव या पायावरून त्या पायावर होत बोलत, आणि पहिलीतली पोरं तो नाच समजून टाळ्या वाजवत. शेवटी ते मूठ वळून म्हणत, "उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही!" की झालं भाषण.

ढाल न मिळण्याचं कारण गावाला ठाऊक होतं. मंडळात पुढे बसून गात सर्जेराव. उत्साह असा, की मांडवाचे खांब हलावेत. आवाज मात्र देवाने देताना घाईत दिला होता. त्यांनी तान घेतली की बायाबापड्यांना गोठ्यातल्या म्हशी आठवत आणि मांडव हळूहळू मोकळा होई. तोंडावर कोण बोलणार? अनवाणी माणसाला बोलायचं जिवावर येतं.

यंदा मात्र हनुमान जयंतीच्या सप्ताहात सर्जेरावांचा घसा बसला. पखवाजी शिवा गुरवाने बायकांकडे वळून विचारलं, कुणी गौळण म्हणतं का? वैजयंताने म्हटली.

त्या दिवशी कुणाला म्हशी आठवल्या नाहीत.

"अन् आता मंडळ म्हणतं," सर्जेरावांचा आवाज चढला, "यंदा सूनबाईंना पुढं बसवा, न्हाईतर आमी टाळ खाली ठिवतो. सगळेच! माझ्या आज्यानं उभं केलेलं मंडळ, बाबा. ढाल माझ्या गळ्यानं आणायची म्हणून अनवाणी झालो; मी बाजूला झालो तर नेम मोडला. न्हाई झालो तर मंडळ मोडलं. मी आयुष्यात हाती घेतलेलं काई सोडलं न्हाई. आता तुमीच सांगा..."

बाबांनी दोरा दाताने तोडला.

"पाय दाखव."

"आँ?"

"लंगडत आलास. काटा हाय."

"त्यो राहू द्या, बाबा. मी काय इचारतोय..."

"पाय."

सर्जेरावांनी पाय पुढे केला. तळवा कसला, जुन्या मोटेचं कातडंच ते. त्यात काट्याचं काळं टोक दिसत होतं. बाबांनी तो मांडीवर घेतला, वैजयंताला खुणेनं घोटा धरायला लावला, आणि गोधडीची जाडजूड सुई उचलली.

त्यांनी ती धरली टोकाच्या बाजूनं. आणि नेढ्याच्या बाजूनं काटा कोरायला लागले.

"आई आई आई!"

"दुखतंय?"

"दुखतंय म्हंजे? बाबा, काटा आत चाललाय!"

"चिकाटी धर."

बाबांनी आणखी जोर लावला. सर्जेरावांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. मठाच्या पिंपळावरचे कावळे उडाले. ज्या आवाजाने मांडव रिकामा होई, तो आज टेकडीवर एकदम सुरात लागला.

"बाबा, सुई उलटी हाय! उलटी धरलीया तुमी!"

"व्हय?" बाबांनी सुईकडे शांतपणे पाहिलं. "आसंल. पण आता धरली ती धरली."

"आवं, फिरवा की मग!"

"कशी फिरवू? घेतला वसा टाकू न्हाई म्हणत्यात."

आणि पुन्हा कोरायला लागले.

वैजयंताने पदर तोंडात कोंबला. हसू फुटत होतं, आणि सासऱ्याचा पाय हातात असताना हसणं बरं दिसलं नसतं.

"बाबा, पाया पडतो," सर्जेराव विव्हळले. "एक पाय तुमच्या हातात हाय म्हणून, न्हाईतर दोन्ही पायांवर उभा राहून पाया पडलो असतो. सुई फिरवा!"

बाबांनी सुई फिरवली.

टोक काट्याला भिडलं आणि सर्जेरावांनी पहिल्याहून मोठी बोंब ठोकली.

"बास! बास, बाबा! राहू द्या काटा! सोडा!"

"आता का सोडू?"

"दुखतंय!"

"मगाशीबी दुखत होतं."

"मगाशी आत जात हुता. आता..."

सर्जेराव थांबले.

"आता काय?"

"आता... हललाय."

"मग पाय वढू नको."

सर्जेरावांनी डोळे मिटले, दात आवळले आणि पाय ओढला नाही. काटा आला. चांगला नखाएवढा. बाबांनी तो त्यांच्या तळहातावर ठेवला, आणि सर्जेराव बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. एवढ्याशा काट्याने आपल्याला केवढं रडवलं, याची त्यांना लाजच वाटली.

"आता दुसरा पाय," बाबा म्हणाले.

"दुसऱ्यात काटा न्हाई, बाबा."

"तुजा न्हवं."

वैजयंताने पाय आणखी आत ओढले. पण उशीर झाला होता. लुगड्याच्या काठाखालून टाच बाहेर राहिली होती. भेगाळलेली, धुळीने पांढरी पडलेली, आणि मधोमध काटा मोडून सुजलेली.

सर्जेरावांनी ती टाच आज पहिल्यांदा पाहिली.

"वैजू, तुजी चप्पल कुठाय?"

"घरी हाय, मामंजी."

"मग घातली का न्हाई? एवढी टेकडी, बाभळीचं रान..."

ती लुगड्याच्या काठाशी चाळा करू लागली.

बाबांनी विचारलं, "बाई, तुजाबी नेम हाय का?"

"न्हाई, बाबा." ती हळूच म्हणाली. "पण मामंजी पुढं अनवाणी, अन् मी मागनं चप्पल घालून टाप टाप करत येऊ? बरं दिसतं व्हय?"

"कवापासनं?"

"ह्या घरात आली तवापासनं. सासूबाई म्हणाल्या, आपल्यात असंच असतं."

"सासूबी अनवाणी?"

"व्हय."

"अन् नवरा?"

वैजयंताने सासऱ्यांकडे चोरून पाहिलं.

"ते घालत्यात. पण मामंजी दिसले की कडब्याच्या गंजीत लपवत्यात. एकदा बैलानं खाल्ली त्यातली एक."

सर्जेरावांच्या तोंडाचं पाणी पळालं. त्या बैलाला पोटदुखी झाली म्हणून त्यांनी रात्रभर त्याच्या पोटावरून हात फिरवला होता. आणि पोरगा शेजारी उभा राहून म्हणाला होता, काय खाल्लं कुणास ठाऊक.

"बाबा, नेम माझा एकट्याचा हाय!" ते कळवळून म्हणाले. "मी कुणाला सांगितलं न्हवतं. देवाशपथ, कुणालाच सांगितलं न्हवतं!"

बाबांनी सुनेच्या पायाकडे बोट केलं.

"मग हे पाय कुणाचं?"

...

वारा आला. गोधडीचं एक टोक उडालं आणि पुन्हा पडलं. सर्जेराव त्या सुजलेल्या टाचेकडे वाकून बघू लागले. चिकाटीवर एवढी भाषणं केली, त्यातल्या एकातही हा पाय नव्हता.

बाबांनी सुई त्यांच्या हातात दिली.

"काढ."

"मी?"

"अगं बाई!" वैजयंता मागे सरकली. "मामंजी, तुमी माझ्या पायाला हात लावणार? मला पाप लागंल!"

"लागू दे," सर्जेराव म्हणाले. "माझ्या नावावर घाल. तिथं पुष्कळ हाय."

त्यांनी सुनेचा पाय ओट्याच्या कडेवर ठेवून घेतला. सुई हातात फिरवून टोक नीट पाहिलं, नेढं नीट पाहिलं. दोनदा पाहिलं. मग खाली वाकले.

वैजयंता ओरडली नाही. तिने डोळे मिटले आणि दुखणं मुरवायला तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणायला लागली. भाकरी थापताना गुणगुणायची, तेच. टोक आत गेलं की सूर थोडा वर जाई, टोक निघालं की खाली येई, पण तुटत नव्हता.

सर्जेरावांनी सप्ताहात ही सून गाताना ऐकली होती. म्हणजे कानांवर पडली होती. त्या वेळी सगळं लक्ष माणसं का उठत नाहीत याकडे होतं. आज दोन्ही हात गुंतलेले, मान खाली, आणि आवाज थेट डोक्यावरून येत होता.

त्यांचा डावा पाय, नुकताच मोकळा झालेला, जमिनीवर आपोआप ठेका धरू लागला. एक मात्रा चुकत नव्हती. गळ्याला जे कधी जमलं नाही, ते त्या पायाला सहज जमत होतं.

बाबा त्या पायाकडे पाहत होते.

काटा निघाला. गाणं थांबलं. पाय दोन मात्रा पुढे जाऊन थांबला.

"वैजू..." सर्जेराव तिच्या टाचेकडे बघतच म्हणाले, "गळा चांगला हाय तुजा."

"व्हय, मामंजी," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले. काट्यामुळे असेल.

सर्जेराव उठले. सुई दोन्ही हातांनी बाबांपुढे धरली.

"बाबा, मग मी नेम मोडू?"

"मोडतोस कशाला? फिरव."

सर्जेरावांनी बाबांकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, मग बराच वेळ सुईकडे पाहिलं. समजायला त्यांना वेळ लागे. पण एकदा समजलं की ते समजलेलं कुणाच्या बापाचं ऐकून सोडत नसत.

त्यांनी भाकरीचं गाठोडं स्वतःच्या खांद्यावर टाकलं.

"वैजू, गावात गेल्या गेल्या शिवा गुरवाला सांगायचं. यंदा तू पुढं बसायचं. टाळ माझ्याकडं. अन् घरी गेल्यावर आधी चप्पल घालायची."

"तुमी घातल्याबिगर मी न्हाई घालणार."

"आगं, माझा नेम हाय!"

"मग माझाबी हाय."

सर्जेराव तिच्याकडे बघतच राहिले. थोरबोल्यांच्या घरात आपण एकटेच हट्टी नाही, हे त्यांना त्या टेकडीवर कळलं.

"बरं," ते म्हणाले. "मग झक मारत ढाल आणायलाच पायजे. चल. अन् वाटंत तू पुढं हो. मी मागनं येतो."

"मामंजी, सून पुढं अन् सासरा मागं? लोक काय म्हणतील?"

"काटा दिसला की वरड, एवढंच. सुरात वरड."

ती खाली मान घालून हसली आणि पुढे झाली. सर्जेराव लंगडत तिच्या मागे निघाले. मठाच्या दगडी पायऱ्या संपायच्या आत त्यांच्या मनात शंका आली, आणि शंका पोटात ठेवायची त्यांना सवय नव्हती. ते तिथूनच वळून ओरडले.

"बाबा! अन् यंदाबी ढाल न्हाई मिळाली तर?"

बाबा सुईत दोरा ओवत होते. वय झालं होतं, नजर अधू होती. दोरा नेढ्याशेजारून एकदा निसटला. त्यांनी तो जिभेने ओला केला, बोटांत वळला, पुन्हा लावला. पुन्हा निसटला. पुन्हा वळला.

मान वर न करता ते म्हणाले,

"आता टोक लागलंय, सर्जेराव... पाय वढू नको."