गारमाळचा वैद्याचा दगड

गारमाळ डोंगराच्या माथ्यावर, द्राक्षबागेच्या तोंडाशी एक सपाट दगड आहे. वाइनसाठी द्राक्षं घ्यायला येणारा कितीही मोठा असो, त्याला आधी या दगडावर बसावं लागतं. बागेची मालकीण मणी फोडून बी चावून बघते. ती हो म्हणेपर्यंत घडाला कात्री लावायची नाही. पाहुणे कुरकुरू लागले की बागेतले म्हातारे किसनतात्या त्यांना सांगतात, तुमच्याहून उतावळा माणूस इथं बसून गेलाय.

तो विसाजी वैद्य. खालच्या गावात त्याची धाकटी बहीण गोदा क्षयानं अंथरुणाला खिळली होती, असं सांगतात. तिला गारमाळच्या द्राक्षांचं आसवच तारील, असं विसाजीच्या मनानं घेतलं. पण वरच्या गारठ्यात द्राक्षं सावकाश पिकतात. त्यात आसव मुरायला महिना लागणार. त्याच्या जिवाला चैन पडेना. सहा दिवस तो बागेभोवती येरझारा घालत होता. दिवसातून दहादा मणी चाखायचा आणि गोड लागतोय म्हणून हटून बसायचा. बागेची तेव्हाची मालकीण ठकूबाई एकच सांगायची, "गोडी आधी येती, वैदबुवा. बी अजून हिरवं हाय. बसा जरा."

सातव्या दिवशी तिला न जुमानता त्यानं पाटीभर घड तोडले आणि डोंगर उतरला. आसव मडक्यात घातलं, तरी त्याचा पाय घरात ठरेना. आज मधासाठी या गावाला, उद्या मुळीसाठी त्या रानात. महिन्यानं मडकं उघडलं तर कच्च्या द्राक्षांचं आसव नासून गेलेलं. गोदाच्या घशाखाली घोट उतरला नाही. तो दुसऱ्या औषधासाठी उठला, तेव्हा तिनं त्याचा हात धरला.

"दादा, औषध पुरे. महिनाभर तू दिसलाच नाहीस. बस ना माझ्यापाशी."

तो बसला. त्याच दिवशी गोदा गेली म्हणे.

पुढच्या हंगामात विसाजी पुन्हा वर आला. आता कुणासाठी, हे ठकूबाईनं विचारलं नाही. सतरा दिवस तो त्या दगडावर बसून राहिला, आणि आतून सारखा तडफडत राहिला. बी पिकल्यावर पहिली पाटी त्यानं गावातल्या एका आजारी म्हातारीकडे नेली आणि दिवसभर तिच्या उशाशी बसला.

आजही गारमाळची पहिली पाटी विकत नाहीत. ज्या घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तिथं ती खरेदीला आलेल्यानंच पोचवायची असते. पाटी ठेवून लगेच उठायचं नाही. आजारी माणूस आपणहून निघा म्हणेपर्यंत त्याच्यापाशी बसायचं.