बाभळीची आस

फार फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची, ते सांगणाऱ्याला ठाऊक नाही आणि ऐकणाऱ्यानं विचारू नये.

डोंगरदऱ्यांच्या एका राज्यात एक चांगली रीत होती. कुणी कारागिरानं एखादी उपयोगी वस्तू घडवली, की तिचा नमुना तो राज्याच्या भांडारात नेऊन ठेवी. भांडारातले कामकरी त्या नमुन्यावरून आणखी नग घडवत आणि ज्याला गरज असेल तो ते खुशाल घेऊन जाई. दाम कुणी मागत नसे, कुणी देत नसे. प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी बांधलेली असे. ती वस्तू चालायला आणखी काय काय लागेल, ते त्या चिठ्ठीवर लिहिलेलं असे.

त्या राज्यात नदीकाठच्या एका गावी हौसा नावाची सुतारीण राहत होती. नवरा गेल्यावर तिनं त्याची हत्यारं गंजू दिली नाहीत. नांगर, पाट, खाटा, सगळं ती स्वतः घडवी.

मागच्या पावसाळ्यात तिच्या शेजारणीला कळा सुरू झाल्या. सुईण राहायची नदीपलीकडे. नदीला पूर. पाण्यात नाव घालायची कुणाची छाती होईना. सुईण पलीकडच्या काठावर उभी राहून ओरडून सांगत होती आणि पाण्याच्या आवाजात तिचा एक शब्द ऐकू येत नव्हता. शेजारीण गेली. तिची तिरडी हौसानंच बांधली.

आता फाल्गुन चालू होता. हौसाची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिचे दिवस भरणार होते श्रावणात.

"आई, पुन्हा तसाच पूर आला तर?" लेकीनं विचारलं.

"रडून नदी उतरत नाही," हौसा म्हणाली. तिनं भाकऱ्या बांधून घेतल्या आणि ती भांडाराच्या वाटेला लागली.

भांडारात एक पाळणा आहे, असं तिनं ऐकलं होतं. नदीवर आडवा दोर ताणायचा, दोरावर कप्पी, कप्पीखाली टोपली. टोपलीत बसायचं आणि पलीकडून कुणी ओढलं की माणूस पुराच्या वरून सुखरूप पार.

दोन दिवस चालून ती पोचली. भांडारी म्हातारा होता. दुष्ट नव्हता, पण चिठ्ठीबाहेर एक पाऊल टाकत नसे.

"पाळणा आहे," तो म्हणाला. "पण आधी अंबाडीचा दोर आणा, शंभर हातांचा. चिठ्ठीत आहे."

"दोर तुमच्याकडे नाही?"

"आहे. पण त्याच्याही चिठ्ठीत लिहिलंय, करंजाच्या तेलात मुरवलेला असेल तरच द्यावा. हा कोरडा आहे. तेल आणा."

हौसानं गावी येऊन तेल गाळलं, ते घेऊन पुन्हा गेली, दोर मुरवला. मग भांडाऱ्यानं कप्पी काढली आणि तिची चिठ्ठी वाचली. "हिला आस लागेल. चार बोटी."

आस म्हणजे कप्पी जिच्यावर फिरते तो दांडा; चार बोटी म्हणजे चार बोटं जाड. भांडारात लोखंडाच्या आसा होत्या, वीतभर लांबीच्या.

"द्या मग एक."

"एका गावाला एकच आस. तुमच्या गावाच्या विहिरीवर एक आहे, तीन बोटी. ती परत करा, मग चार बोटी मिळेल."

"असा नियम का?"

"माहीत नाही. मी आलो तेव्हापासून आहे."

हौसानं गावच्या पंचांपुढे हात जोडले. विहिरीचा रहाट सोडवून तिनं त्याची आस भांडारात नेऊन दिली आणि नवी आणली. वाटेत ती खूश होती. आता कशाचीच उणीव राहिली नव्हती.

घरी येऊन तिनं कप्पीत आस घातली. आस भोकात खुळखुळली. कप्पी डगमगली आणि निसटून पायाशी पडली. चार बोटी कप्पी आणि चार बोटी आस, तरी दोघींचं जमेना. मग ती विहिरीकडे धावली. रहाटाच्या भोकात नवी आस शिरेचना.

पाळणा तर झाला नाहीच, वर गावाचं पाणी बंद पडलं.

बाया रिकाम्या घागरी घेऊन तिच्या दारात आल्या. "हौसाक्का, तुझ्या पाळण्यापायी गावाचा घसा कोरडा पडला," एक जण म्हणाली. पाटील तर म्हणाला, "फुकटच्या वस्तूला असंच असतं. दे सोडून."

खरं तर हौसालाही ती कप्पी उचलून नदीत भिरकावावीशी वाटत होती. पण अंगणात लेक सुपात तांदूळ पाखडत बसली होती, आणि वाकताना तिला आता पोट आड येऊ लागलं होतं. हौसानं कप्पी फडक्यात बांधली. त्याच पावली ती भांडारात गेली, नवी आस परत केली, विहिरीची आस मागून आणली आणि रहाट पहिल्यासारखा चालू करून दिला. आधी मोडलेलं जाग्यावर आणलं, मगच ती पुन्हा भांडाऱ्यापुढे उभी राहिली. तोवर वैशाख उजाडला होता.

"चार बोटी कप्पीत चार बोटी आस बसत नाही," ती म्हणाली.

"जुळत नाही, एवढं मलाही दिसतं."

"का जुळत नाही?"

"ते चिठ्ठीत नाही."

"मग चिठ्ठी मला द्या."

हौसाला अक्षरओळख होती, पण जोडाक्षराला ती अडखळायची. भांडाराच्या पायरीवर बसून तिनं ती चिठ्ठी तीनदा वाचली. अगदी खाली, बारीक अक्षरात, पाळणा घडवणाऱ्याचं नाव आणि गाव होतं. आजवर कुणी तिथपर्यंत वाचलंच नव्हतं.

ते गाव नदीच्या उगमाकडे, तीन दिवसांच्या वाटेवर होतं. पाळणा घडवणारा एक म्हातारा नावाडी निघाला. हौसाच्या फडक्यातली कप्पी पाहताच तो उठून आत जाऊ लागला.

"शिव्या द्यायला आली असशील तर पाणी पी आणि परत जा," तो म्हणाला. "माझ्या गावासाठी केला होता मी पाळणा. चांगला झाला म्हणून भांडारात ठेवला. तेव्हापासून जो येतो तो भांडतो. चालतो तेव्हा कुणी सांगायला येत नाही."

"शिव्या द्यायला नाही आले, बाबा," हौसा म्हणाली. "मी सुतारीण आहे. ही कप्पी चांगल्या हातानं केलेली आहे, ते मला कळतं. हिची आस किती जाड, तेवढं सांगा."

"लिहिलंय की. चार बोटं."

"कुणाची?"

म्हातारा थबकला. त्यानं आपला हात पुढे केला. जन्मभर वल्हं मारलेला हात तो. त्याची बोटं केळ्यांसारखी जाड. हौसानं आपला हात शेजारी धरला. त्याची चार बोटं म्हणजे तिची साडेपाच बोटं भरली.

म्हातारा आधी आपल्या हाताकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "आणि लोखंडाची आस तुला घ्यायला कुणी सांगितली?"

"भांडारात लोखंडाचीच आहे."

"माझी तर बाभळीची आहे. ये, दाखवतो."

तो तिला नदीवर घेऊन गेला. बारा पावसाळे झेललेली बाभळीची आस त्या कप्पीत मुकाट फिरत होती. चिठ्ठीत त्यानं नुसतं 'आस' लिहिलं होतं. बाकीचं त्याच्या मनात होतं, आणि मनातलं चिठ्ठीवर उमटत नाही.

हौसाला हसू आलं आणि मागोमाग रागही आला. बाभळी तर तिच्या परसात दोन होत्या! पण राग धरायला वेळ नव्हता. तिनं एका काडीवर आसेची जाडी खुणावून घेतली, म्हाताऱ्याच्या पाया पडली आणि घर गाठलं.

पहिली आस घडवताना उकलली. दुसरी बारीक झाली. तिसरी बसली. आषाढाच्या तोंडावर दोर ताणला गेला. पहिल्या फेरीला टोपलीत धोंडे भरले होते, दुसऱ्या फेरीला हौसा स्वतः बसली. तेव्हा दोर ओढायला तोच पाटील पुढे आला.

श्रावणात नदी दोन्ही काठ गिळून वाहू लागली आणि एका सकाळी लेकीला कळा आल्या. हौसा पाळण्यातून पलीकडे गेली.

सुईण टोपलीकडे बघून मागे सरली. "बये, हे तुटलं तर?"

"तुटलं तर माझे हात खोटे. बस."

दुपारपर्यंत घरात बाळाचा आवाज घुमला. मुलगी झाली होती.

इथं गोष्ट संपली असती. हौसाचं काम झालं होतं. पण बाळंतिणीचे सव्वा महिन्याचे दिवस पार पडल्यावर ती पुन्हा भाकऱ्या बांधू लागली.

"आता कुठं?" लेकीनं विचारलं.

"भांडारात. चिठ्ठी अजून चुकीचीच आहे."

भांडाऱ्यानं मान हलवली. "चिठ्ठी बदलायचा अधिकार मला नाही."

"बदलू नका. तिच्या शेजारी ही टांगा."

तिनं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: आस बाभळीची करावी, लोखंडाची घेऊ नये. जाडी सोबतच्या काडीएवढी ठेवावी. विहिरीच्या रहाटाला हात लावू नये. दोर आधी मुरवावा, मग ताणावा. आणि पाळणा चालू झाला, की नावाड्याला निरोप धाडावा. भांडाऱ्यानं ते दोनदा वाचलं, चिठ्ठीत काडी नीट गुंडाळली आणि ती पाळण्याला बांधली.

पुढच्या वर्षी दूरच्या खोऱ्यातला एक कुंभार पाळणा न्यायला आला. हौसाला घडवायला चार महिने लागलेला पाळणा त्यानं आठ दिवसांत नदीवर चढवला. मग आणखी गावांनी नेला. हौसाला त्यातलं एकही माणूस कधी भेटलं नाही. उगमाकडच्या त्या म्हाताऱ्या नावाड्याच्या दारी मात्र आता वाटसरू थांबत आणि सांगत, "बाबा, आमच्याकडं चालतोय."

तात्पर्य: वाटेतला काटा आपल्यापुरता ओलांडू नये, मागून येणाऱ्यासाठी तो उचलून टाकावा.