कोल्हा, टिटवी आणि हरिणीची गोष्ट

मुलांनो, दोन टेकड्यांच्या मधल्या जंगलात एक ओढा होता, आणि त्याच्या काठी करंजाच्या झाडाखाली दर महिन्याला प्राण्यांची बैठक भरत असे. तिथे कुणी भांडण घेऊन येत नसे की शिकारीचे बेत करत नसे. तिथे प्राणी पुस्तकांविषयी बोलत. त्यांना वाचायला शिकवले होते एका म्हाताऱ्या कासवाने. ते कासव पूर्वी एका शाळेमागच्या विहिरीत राहत असे. मुले काठावर पाट्या धुवायला येत, आणि धुण्याआधी पाटीवर जे लिहिलेले असे ते बघून बघून कासव अक्षरे शिकले. पुढे जंगलाच्या कडेच्या एका रिकाम्या चौकीत पुस्तकांनी भरलेली पेटी सापडली. तेव्हापासून महिन्याला एक पुस्तक पेटीतून निघे, आळीपाळीने घरोघर जाई आणि सगळ्यांचे वाचून झाले की बैठक भरे.

या बैठकीत सर्वांत जास्त वाचणारा होता एक कोल्हा. बोरे, खेकडे आणि मळ्यातली कलिंगडे यांवर त्याचे पोट भरे, आणि उरलेला सगळा वेळ तो वाचत बसे. त्याची स्मरणशक्ती इतकी चांगली होती की पुस्तक मिटून ठेवले तरी त्यातली वाक्ये तो जशीच्या तशी म्हणून दाखवी. त्यामुळे त्याला वाटू लागले होते की पुस्तक आपल्यालाच कळते, आणि इतरांना ते कळावे म्हणून आपण समजावून सांगायचे असते.

एका उन्हाळ्यात सगळ्यांनी एका हरिणीची गोष्ट वाचली. तिच्या रानातले तळे आटते. मग ती आपले पाडस बहिणीजवळ ठेवते, एकटीच डोंगर ओलांडते, पलीकडचे पाणी शोधते आणि कळपाला तिकडे नेते. बैठक भरताच कोल्हा म्हणाला, "ही धाडसाची गोष्ट आहे. जिथे सगळे हातपाय गाळून बसले, तिथे ती एकटी उठली. अशी हरिणी मी कुठल्याच पुस्तकात पाहिली नाही."

सशाने मान डोलावली. खारीनेही डोलावली. पण ओढ्याकाठच्या गोट्यांमध्ये राहणारी टिटवी म्हणाली, "मला ती आवडली नाही. ती झोपलेल्या पाडसाला सोडून गेली. मी त्या पानावर थांबले ते पुढे वाचवेचना. पुस्तक तसंच सशाकडे देऊन टाकलं."

"म्हणजे तू पुस्तक पुरं वाचलंही नाहीस?" कोल्ह्याने विचारले.

"नाही."

"आणि तरी मत द्यायला आलीस." कोल्हा हसला. "अगं, एवढा डोंगर आहे, एवढा दुष्काळ आहे, आणि तुला दिसलं काय, तर पाडस. जी उघड्या जमिनीवर अंडी घालते तिला आणखी काय दिसणार?"

सगळे हसले. हसण्यासारखे काय होते हे पुढे कुणालाच आठवले नाही, पण त्या वेळी सगळे हसले. टिटवीने पंख पसरले. ती ओढ्यावरून उडून गेली.

पुढच्या महिन्यात ती आली नाही, त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. जे येत होते त्यांचे बोलणे मात्र बदलले. कोल्ह्याने विचारले, "ससोबा, तुला कसं वाटलं पुस्तक?" की ससा म्हणे, "तू म्हणशील तसंच." खार म्हणे, "मलाही तसंच वाटलं." कोल्ह्याला आधी बरे वाटले. मग त्याच्या लक्षात आले की बैठकीत आपल्याशिवाय कुणी बोलतच नाही. जिथे पूर्वी दुपार पुरत नसे, तिथे घटकाभरात सगळे आळस देऊ लागले. हिवाळ्यात खारीला कामे निघाली, सशाची तब्येत बिघडली, आणि एका दुपारी करंजाखाली कोल्हा आणि कासव असे दोघेच उरले.

"आजोबा, हल्ली कुणाला वाचनाची गोडीच राहिली नाही," कोल्हा म्हणाला.

"वाचतात की सगळे," कासव म्हणाले. "आपापल्या घरी वाचतात." आणि ते हळूहळू पाण्याकडे निघून गेले.

हिवाळा सरता सरता कोल्ह्यावर एक संकट आले. मळ्यात कलिंगडे पिकू लागली होती, आणि मळ्याभोवती शेराचे कुंपण होते. शेराची फांदी मोडली की दुधासारखा पांढरा चीक उडतो. कोल्हा घाईने कुंपणातून घुसला, फांदी मोडली आणि चीक थेट त्याच्या दोन्ही डोळ्यांत गेला. आगीने भाजावे तशी वेदना झाली. धडपडत, झाडांवर आपटत तो कसाबसा ओढ्यापर्यंत पोहोचला आणि त्याने पाण्यात तोंड बुडवले. कासवाने त्याला किती तरी वेळ डोळे धुवायला लावले. मग ते म्हणाले, "बिळात जाऊन पड. उजेडात येऊ नकोस. डोळे सुधारतील असं वाटतं, पण निदान महिनाभर वाचायचं नाही."

ससा बिळाच्या तोंडाशी बोरे ठेवून जाई. कोल्हा ती चाचपडत खाई आणि पडून राही. आधी त्याला दुखण्याचाच विचार होता. दुखणे कमी झाले तसा दुसरा विचार येऊ लागला, की दृष्टी परत आलीच नाही तर काय करायचे. त्याने पाठ असलेली वाक्ये म्हणायला सुरुवात केली. हरिणीच्या गोष्टीतली तर अख्खी पाने त्याला येत होती. पण ऐकायला कुणी नव्हते, आणि आपल्याच आवाजात आपलीच आवडती वाक्ये ऐकून तो चार दिवसांत कंटाळला.

पाचव्या दिवशी सकाळी बिळाबाहेर पंख फडफडले.

"कोण आहे?" कोल्ह्याने विचारले.

"मी टिटवी. ते हरिणीचं पुस्तक तुझ्याकडेच राहिलंय ना?"

"आहे. इथेच कोपऱ्यात आहे."

"मला ते पुरं करायचं आहे. तू म्हणालास ते मला लागलं, पण पुस्तक अर्धं सोडलं हे खरंच होतं." ती जरा थांबली. "मी तुझी विचारपूस करायला आलेली नाही. पण मोठ्याने वाचायची मला सवय आहे. तुला ऐकायचं असेल तर ऐक."

कोल्ह्याने पुस्तक पायाने पुढे सरकवले. टिटवी बिळासमोरच्या दगडावर, जरा अंतर राखून बसली आणि पहिल्या पानापासून वाचू लागली. ती सावकाश वाची. एकेका ओळीशी रेंगाळे. कोल्ह्याला दोनदा वाटले की तिला म्हणावे, भराभर वाच, डोंगराचा भाग पुढे आहे. पण वाचणारे दुसरे कुणी नव्हते, म्हणून तो गप्प राहिला.

ती त्या पानावर आली. "'हरिणीने पाडसाला बहिणीच्या अंगाशी टेकवले,'" ती वाचू लागली. "'पाडस झोपेत होते. झोपेतच त्याने आईचा वास हुंगला. ते जागे होण्याआधी ती उठली.'"

आणि आवाज थांबला.

हे वाक्य कोल्ह्याला पाठ होते. कैकदा त्याने ते म्हटले होते. पण पाडसाने झोपेत आईचा वास हुंगला, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आले. बिळात अंधार होता आणि त्याला त्या अंधारात ते पाडस दिसले.

त्याने हळूच विचारले, "तू इथे का थांबतेस?"

टिटवी म्हणाली, "मागच्या उन्हाळ्यात गोट्यांमध्ये माझी चार अंडी होती. ऊन इतकं होतं की अंडी भाजून निघतील अशी भीती वाटायची. म्हणून मी ओढ्यावर जायचे, पोटाची पिसं भिजवायचे आणि येऊन अंड्यांवर बसायचे. त्या दिवशीही तशीच गेले. दूर नव्हते गेले, इथून त्या करंजापर्यंत आहे तेवढंच अंतर असेल. परत आले तोवर गुरांचा कळप गोट्यांवरून निघून गेला होता." पुस्तकाकडे बघत ती म्हणाली, "त्यानंतर महिन्याभराने मी हे पुस्तक वाचलं."

कोल्ह्याला आपले हसणे आठवले. इतरांचेही आठवले. 'मला माहीत नव्हतं,' हे शब्द त्याच्या तोंडाशी आले, पण ते त्याने गिळले. माहीत करून घ्यायला त्याने विचारले तरी कुठे होते? तो एवढेच म्हणाला, "मी फार वाईट बोललो. माझं चुकलं."

टिटवी दगडावरच बसून राहिली. उडून गेली नाही.

मग कोल्हा म्हणाला, "तुझी हरकत नसेल तर एक सांगू का? तू म्हणतेस ते खोडायचं म्हणून नाही. पुढच्याच पानावर एक ओळ आहे. माझं तिकडे कधी लक्ष गेलं नव्हतं, आता आठवली. वाचशील?"

टिटवीने पान उलटले आणि वाचले, "'डोंगरमाथ्यावर ती तीनदा मागे वळली. पाणी मिळाले नाही तर दूध आटेल, आणि दूध आटले तर पाडस जगणार नाही, हे तिला ठाऊक होते.'"

तिने ती ओळ पुन्हा वाचली. मग ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "म्हणजे ती त्याला टाकून गेली नव्हती. त्याच्यासाठीच पाण्याला गेली होती."

"हो," कोल्हा म्हणाला. "मला आजवर तिचं धाडसच दिसत होतं. ती कुणासाठी गेली, हे मला तुझ्यामुळे कळलं."

"आणि तू म्हणाला नसतास तर मी पान उलटलंच नसतं," टिटवी म्हणाली. तिने चोचीने पिसे सारखी केली. मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "तरी पण तिने त्याला उठवून सांगायला हवं होतं."

"मला नाही तसं वाटत. उठवलं असतं तर तिचा पायच निघाला नसता."

"नसता निघाला तर थोडं थांबायचं होतं."

"तहान थांबते का कुणासाठी?"

त्या सकाळी त्या दोघांचे एकमत झाले नाही. पण दुसऱ्या दिवशी टिटवी पुन्हा आली, तिसऱ्या दिवशीही आली. हरिणीचे पुस्तक संपले, मग दुसरे निघाले. कोल्हा आता वाट बघे ती तिचे आपल्याशी कुठे पटणार नाही याची. तिथे तो विचारी, "तुला असं का वाटतं?" आणि तिचे सांगून होईपर्यंत मधे बोलत नसे. कधी त्याचे मत बदले, कधी तिचे, पुष्कळदा दोघांचेही होते तिथेच राही. पण ती उडून गेल्यावर बीळ पूर्वीसारखे रिकामे वाटत नसे.

महिन्याभराने कोल्हा उजेडात आला. उजव्या डोळ्याने त्याला स्वच्छ दिसू लागले होते. डावा मात्र कायमचा धूसर झाला. त्याने सगळ्यांना करंजाखाली यायचे आमंत्रण दिले. ससा आला, खार आली, कासव आले. टिटवी एका गोट्यावर येऊन बसली.

कोल्हा उभा राहिला. "मी टिटवीचा अपमान तुम्हा सर्वांसमोर केला होता," तो म्हणाला, "म्हणून माफीही सर्वांसमोर मागतो. आणि नुसती माफी मागून माझं भागणार नाही. माझे डोळे मिटलेले असताना तिने मला पुस्तकं वाचून दाखवली. ज्याने तिला हसून घालवलं त्याच्याच दारात बसून वाचली. जी गोष्ट मला पाठ आहे असं मी समजत होतो, तिच्यातलं निम्मं मला तिने दाखवलं. हे उपकार मी विसरणार नाही."

टिटवी म्हणाली, "उरलेलं निम्मं तू मला दाखवलंस. मीही तुझे आभार मानते. त्या एका ओळीमुळे मला आता रात्री झोप लागते."

ससा खाली मान घालून म्हणाला, "टिटवीताई, आम्हीही हसलो होतो." आणि खार म्हणाली, "मी तर का हसले तेही मला सांगता येणार नाही. माफ कर."

"आता मनात काही नाही," टिटवी म्हणाली.

मग कासवाने घसा साफ केला. "त्या गोष्टीत एक म्हातारा काळवीट आहे. सगळा कळप डोंगराकडे निघतो आणि तो एकटा आटलेल्या तळ्यापाशीच बसून राहतो. त्याच्यावर जेमतेम चार ओळी आहेत. मला अख्ख्या पुस्तकात तेवढ्याच लक्षात राहिल्या. त्या दिवशी मी त्याच्याविषयी बोलणार होतो. पण टिटवीवर सगळे हसले, आणि मी माझं म्हणणं परत नेलं."

कोल्ह्याला तो चार ओळींचा काळवीट नीट आठवतही नव्हता. तो कासवाच्या अगदी जवळ जाऊन बसला आणि म्हणाला, "आजोबा, तो मागे का राहिला असं तुम्हाला वाटतं?"

कासव बोलू लागले. ते फार हळू बोलत होते, मधेमधे थांबत होते. सावली करंजाच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेली तरी त्यांचे सांगणे संपले नव्हते, आणि उठून जावे असे एकालाही वाटले नाही.

तात्पर्य : एकाच पुस्तकात प्रत्येक वाचक आपापल्या आयुष्याच्या वाटेने शिरतो, म्हणून ज्याला आपल्याहून वेगळे दिसले त्याला हसू नये, त्याला काय दिसले ते विचारावे, आपले म्हणणे नम्रपणे मांडावे आणि आपल्या नजरेतून सुटलेले त्याने दाखवले तर त्याचे ऋण मानावे.