टेकडीवरची जमावबंदी

टेकडीला कुंपण नव्हतं, तेव्हापासून तिथे कोल्ह्यांची वस्ती होती. पुढे बंगला झाला, कुत्रे आले आणि त्यांच्या टायगरसाहेबांनी हुकूम सोडला, “एकापेक्षा जास्त जण मिळून ओरडले, तर टेकडीवरून हकालपट्टी!”

कोल्ह्यांची तर पिढीजात रीत, एकाने सूर लावला की सगळ्यांनी साथ द्यायची. म्हातारी भुरकी म्हणाली, “पोरांनो, आज तेवढी तोंडं आवरा.”

भर दुपारी ती एकटीच बंगल्यासमोर बसली आणि तिने लांबलचक कोल्हेकुई केली. कोल्हे कसेबसे गप्प राहिले. कुत्र्यांना मात्र राहवेना. साहेबांसकट झाडून सगळे भुंकत सुटले.

धापा टाकत टायगर गुरगुरला, “कायदा मोडलास!”

“मी एकटीच ओरडले, साहेब,” भुरकी म्हणाली. “चला, टेकडी उतरायची वाट दाखवते.”